इंटरनेट शॉर्टकट फाइल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉपवर एखाद्या संकेतस्थळाचं चिन्ह असतं, त्यावर डबल क्लिक केलं की ब्राउझर उघडतो आणि थेट ते पान समोर येतं. हे चिन्ह म्हणजे इंटरनेट शॉर्टकट. ई-सेवा केंद्रात, शाळेच्या कार्यालयात, सोसायटीच्या हिशेबाच्या संगणकावर अशा चिन्हांची रांग लागलेली असते : सातबारा, आपले सरकार, वीजबिल, जीएसटी. खालचे बहुतेक प्रश्न अशाच ठिकाणांहून येतात.

उत्तरं विंडोज 10 आणि 11 धरून लिहिली आहेत. मॅक आणि लिनक्सचं शेवटाकडे पाहू. फाइलीतल्या ओळी आणि आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

या फाइलीच्या आत नेमकं असतं काय?

दोन ओळी. ही साधी मजकूर फाइल आहे आणि तिच्या नावाला .यूआरएल असं शेपूट असतं. आतला मजकूर असा :

[इंटरनेटशॉर्टकट]
यूआरएल=एचटीटीपीएस://भूलेख.महाभूमी.जीओव्ही.इन

बस, एवढ्यावर काम चालतं. पहिली ओळ चौकटी कंसातली, ती जशीच्या तशी हवी. दुसऱ्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे पत्ता. याखाली कधी कधी 'आयकनफाइल' आणि 'आयकनइंडेक्स' या ओळी असतात. चिन्हाचं चित्र कुठून घ्यायचं ते त्या सांगतात. 'हॉटकी' नावाची ओळ असली तर कीबोर्डवरची कळ ठरवलेली आहे असं समजा. महिरपी कंसातला लांबलचक आकडा आणि खाली 'प्रॉप3=19,11' असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका. ती विंडोजची स्वतःची नोंद आहे, तिच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

विंडोज 95 च्या काळापासून ही रचना फारशी बदललेली नाही. त्यामुळे जुन्या सीडीवर सापडलेली शॉर्टकट आजही उघडते. पुढचं संकेतस्थळ जिवंत आहे की नाही, हा प्रश्न वेगळा.

आत पाहायचं असेल तर एक अडचण येते. डबल क्लिक केलं की ब्राउझरच उघडतो, आणि नोटपॅडच्या 'ओपन' चौकटीतून ती फाइल निवडली तर विंडोज शहाणपणा करून फाइलीऐवजी तिच्या पत्त्यावरचं पान आणायला धावतं. म्हणून आधी रिकामं नोटपॅड उघडा आणि शॉर्टकट माउसने ओढून त्या खिडकीत सोडा. आतल्या ओळी दिसतील. पत्ता बदलायचा असेल तर तिथेच बदलून सेव्ह करा.

डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवली म्हणजे ते पान माझ्याकडे सेव्ह झालं ना? नेट नसताना उघडेल?

नाही उघडणार. लग्नपत्रिका हातात आली म्हणून पोटात जेवण जात नाही, तसंच हे. फाइलीत फक्त पत्ता आहे, पान तिकडे सर्व्हरवरच आहे. नेट बंद असेल, सर्व्हर बसला असेल किंवा त्यांनी ते पान काढून टाकलं असेल, तर तुमच्या हाती काही राहत नाही.

पान खरोखर हवं असेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि पी दाबा आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा. सरकारी दाखला, पावती, निकाल, परीक्षेचं हॉल तिकीट यांच्या बाबतीत तर हेच करा. 'लिंक ठेवलीये ना, मग काय' असं म्हणून निश्चिंत झालेला माणूस नेमका शेवटच्या तारखेला धावपळ करताना दिसतो.

असाच घोळ गुगल ड्राइव्हच्या फाइलींचा होतो. संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये .जीडॉक किंवा .जीशीट अशा ज्या फाइली दिसतात, त्यासुद्धा आतून फक्त निर्देश असतात. त्या पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या म्हणजे दस्तऐवज कॉपी झाला असं होत नाही. तो वर्ड किंवा पीडीएफ करून डाउनलोड करावा लागतो.

शॉर्टकट करायची सोपी रीत कोणती?

ब्राउझरची खिडकी थोडी लहान करा, म्हणजे मागचा डेस्कटॉप दिसेल. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे कुलपाचं किंवा दोन सरकत्या बटणांसारखं लहान चिन्ह असतं. (क्रोमने 2023 मध्ये कुलूप काढून हे दुसरं चिन्ह आणलं.) ते माउसने पकडून डेस्कटॉपवर आणून सोडा. झालं.

ओढाओढी जमत नसेल तर डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक, 'न्यू', मग 'शॉर्टकट'. चौकटीत पत्ता पेस्ट करा, 'नेक्स्ट', नाव द्या, 'फिनिश'. पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण पेस्ट केला की ही वेबची शॉर्टकट आहे हे विंडोज आपसूक ओळखतं आणि .यूआरएल फाइल तयार करतं.

'7/12' असं नाव द्यायला गेलो तर संगणक घेत नाही. का?

कारण मधली तिरकी रेघ. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत : दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, विसर्गासारखे दोन टिंब, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही कोनी कंस आणि उभी रेघ. तिरकी रेघ फोल्डर आणि फाइल वेगळं दाखवायला राखून ठेवलेली आहे. 'सातबारा' किंवा '7-12' लिहा.

मराठी नावाला काहीच हरकत नाही. 'वीजबिल', 'घरपट्टी', 'आजोबांची पेन्शन' अशी नावं बिनदिक्कत द्या. घरातल्या ज्येष्ठ माणसांसाठी करत असाल तर मराठीतच द्या, कारण पानाचं आपोआप आलेलं इंग्रजी नाव इतकं लांब असतं की डेस्कटॉपवर त्याचा अर्धा भाग कापला जातो आणि चार चिन्हांखाली 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र...' एवढंच दिसत राहतं.

फाइलीत पाहिलं तर मराठी पत्त्याच्या जागी टक्क्यांची चिन्हं आणि आकडे भरलेत. फाइल बिघडली का?

अजिबात नाही. पत्त्यात देवनागरी अक्षर आलं की ते बाइटमध्ये फोडून लिहिलं जातं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि एकेक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहितात, म्हणजे दर चिन्हामागे नऊ अक्षरं. मराठी विकिपीडियावरच्या 'पुणे' या पानाचं उदाहरण घ्या. प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं झाली, म्हणून त्या दोन अक्षरी नावाची पत्त्यात 36 अक्षरं होतात. ब्राउझर वरच्या पट्टीत ते पुन्हा 'पुणे' असंच दाखवतो, त्यामुळे एरवी ते लक्षात येत नाही. या टक्केवारीला हात लावू नका. त्यातलं एक अक्षर गळलं तरी पान सापडत नाही.

.भारत या शेपटाची देवनागरी संकेतस्थळं 2014 पासून मिळतात. त्यांचे पत्ते फाइलीत 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू झालेले दिसू शकतात. तेही ठीकच आहे.

फाइलींची शेपटं दाखवायची सोय चालू केली, तरी .यूआरएल दिसत नाही.

दिसणारही नाही. एक्सप्लोररमध्ये (फाइली पाहायच्या खिडकीत) 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली तरी काही प्रकार विंडोज लपवूनच ठेवतं. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, या प्रकारासाठी 'नेव्हरशोएक्स्ट' अशी नोंद असते. माझ्या मते हा विंडोजमधला एक वाईट निर्णय आहे, आणि पुढे धोक्याच्या प्रश्नात त्याचं कारण येईल. ओळखायच्या खुणा तीन : चिन्हाच्या खालच्या कोपऱ्यात वाकडा बाण, 'डिटेल्स' मांडणीत 'टाइप'च्या रकान्यात 'इंटरनेट शॉर्टकट', आणि आकार 1 केबी. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) 'डीआयआर' लिहिलंत तर पूर्ण नाव शेपटासकट दिसतं.

खरा आकार 1 केबीपेक्षाही पुष्कळ कमी असतो, शे-दोनशे बाइट. एक्सप्लोरर वर गोल करून 1 केबी दाखवतो. 'प्रॉपर्टीज'मध्ये कधी 'साइज ऑन डिस्क' शून्यही दिसतो. डिस्कवर फाइली मांडायच्या एनटीएफएस पद्धतीत इतक्या छोट्या फाइलीला वेगळी जागा न देता तिचा मजकूर फाइलींच्या मुख्य नोंदवहीतच ठेवतात, म्हणून तो शून्य.

क्रोमच्या मेनूतून केलेली शॉर्टकट आणि ही, एकच ना?

एक नव्हे. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूतून 'क्रिएट शॉर्टकट' केलं की जी तयार होते ती .एलएनके फाइल, म्हणजे प्रोग्रामची शॉर्टकट. ती क्रोमला हाक मारते आणि 'हे पान उघड' असं सांगते. तुमचा नेहमीचा ब्राउझर कोणताही असो, ती क्रोममध्येच उघडते. ती साधा मजकूर नसते, त्यामुळे नोटपॅडमध्ये ओढली तर वाचण्याजोगं काही दिसत नाही.

.यूआरएल फाइलीला मात्र ब्राउझरचं नाव ठाऊक नसतं. संगणकावर जो डिफॉल्ट, म्हणजे नेहमीचा म्हणून ठरवलेला असेल, तो तिला उघडतो. म्हणून दुसऱ्याला द्यायची असेल तर .यूआरएलच बरी.

सगळ्या शॉर्टकट एजमध्ये उघडतात, मला क्रोम किंवा फायरफॉक्स हवा आहे.

'सेटिंग्ज', 'अ‍ॅप्स', 'डिफॉल्ट अ‍ॅप्स'. तिथे हवा तो ब्राउझर निवडा, विंडोज 11 मध्ये त्यानंतर 'सेट डिफॉल्ट' दाबा. एकाच ठिकाणी बदललं की सगळ्या शॉर्टकट त्या ब्राउझरकडे वळतात, प्रत्येक फाइल उघडून बदलत बसावं लागत नाही.

पण एखादंच सरकारी संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये नीट चालतं आणि बाकीची दुसऱ्यात, असं असेल तर? तेव्हा त्या एका ब्राउझरच्या डेस्कटॉपवरच्या चिन्हाची प्रत काढा, प्रतीवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'टार्गेट'च्या रकान्यात शेवटच्या अवतरण चिन्हापुढे एक जागा सोडून पत्ता पेस्ट करा. नाव बदला. आता हे चिन्ह फक्त त्याच ब्राउझरमध्ये, त्याच पानावर जाईल.

ही युक्ती जाहिरातबाज प्रोग्रामांनाही माहीत आहे. ब्राउझर उघडताच भलतंच सर्च पान येतंय, सेटिंग्जमध्ये कितीही बदललं तरी जात नाही, अशी तक्रार असेल तर त्या ब्राउझरच्या चिन्हाचा 'टार्गेट' रकाना शेवटपर्यंत वाचून पाहा. अवतरणापुढे तुम्ही न लिहिलेला पत्ता चिकटवलेला सापडतो. तो खोडा, आणि तो कोणी चिकटवला हे शोधायला विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

चिन्हाचं चित्र गेलं, नुसता पांढरा कागद दिसतो.

चित्र फाइलीच्या आत नसतं. आत फक्त चित्र कुठे आहे याचा रस्ता असतो आणि तो बहुतेक वेळा ब्राउझरच्या एखाद्या तात्पुरत्या फोल्डरकडे जातो. फायरफॉक्स तर अशी चित्रं प्रोफाइलमधल्या 'शॉर्टकटकॅश' फोल्डरमध्ये ठेवतो. साफसफाई केली, ब्राउझर काढून टाकला किंवा फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की रस्ता तुटतो. पत्ता शाबूत असतो, शॉर्टकट चालते.

चित्र बदलायला राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'वेब डॉक्युमेंट', 'चेंज आयकन'. (विंडोज 11 मध्ये 'प्रॉपर्टीज' सापडत नसेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स'.) स्वतःची चित्रं ठेवायची असतील तर ती .आयसीओ प्रकारची असावीत आणि जागेवरून हलणार नाहीत अशा फोल्डरमध्ये ठेवावीत.

कळ दाबून उघडता येते का? आणि संगणक सुरू केल्याबरोबर?

दोन्ही होतं. त्याच 'वेब डॉक्युमेंट' पानावर 'शॉर्टकट की'चा रकाना आहे. तिथे क्लिक करून एखादं अक्षर दाबा. कंट्रोल आणि ऑल्ट आपोआप लागतात. अट एवढीच की फाइल डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असली पाहिजे, कुठल्यातरी आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर कळ चालत नाही. 4 हा आकडा मात्र वापरू नका. इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-4 ने रुपयाचं चिन्ह येतं, दोघांची टक्कर होईल.

सुरुवातीलाच उघडण्यासाठी विंडोजची कळ आणि आर दाबा, 'शेल:स्टार्टअप' लिहा, जे फोल्डर उघडेल त्यात शॉर्टकटची प्रत टाका. एखाद-दोनच टाका, डझनभर टाकल्या तर सकाळी संगणक हातात यायलाच वेळ लागेल.

काल उघडत होती, आज 'सेशन एक्स्पायर्ड' म्हणते.

लॉगिन केल्यानंतरच्या आतल्या पानाची शॉर्टकट केली असणार. बँका, परीक्षेचे अर्ज, कर भरण्याची पानं यांचा आतला पत्ता तेवढ्या भेटीपुरता असतो. बाहेर आलात की तो मेला. शॉर्टकट नेहमी मुख्य पानाची किंवा लॉगिनच्या पानाची करा.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. काही संकेतस्थळं पत्त्यातच तुमची ओळख पटवणारी लांब खूण घालतात. असा पत्ता तुम्ही कोणाला दिलात तर तो माणूस कदाचित तुमच्याच खात्यात जाऊन पोचेल. प्रश्नचिन्हानंतर पत्ता फारच लांब असेल तर तो पुढे पाठवण्याआधी दोनदा पाहा.

404 येत असेल तर पान त्या जागी नाही एवढंच समजायचं. मुख्य पानावरून पुन्हा शोधा. नाहीच सापडलं तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशिनवर तो जुना पत्ता टाकून पाहा. पानाची जुनी प्रत पुष्कळदा तिथे असते. पत्ता कुठे मिळेल, ते आता ठाऊक आहे : फाइल नोटपॅडमध्ये ओढा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली, समोरच्याला उघडत नाही.

फोनला या फाइलीचं काय करायचं ते कळत नाही. पत्ता कॉपी करून मजकूर म्हणून पाठवा. ईमेलमध्येही हेच, आउटलुक तर .यूआरएल जोडलेली फाइल धोकादायक समजून अडवतंच. फोनवर असंच चिन्ह हवं असेल तर क्रोमच्या मेनूतलं किंवा आयफोनच्या शेअर यादीतलं 'अ‍ॅड टू होम स्क्रीन' वापरा.

दोन ओळींच्या फाइलीत व्हायरस कुठून येणार?

फाइलीत व्हायरस नसतो, पण ती तुम्हाला त्याच्या दारात नेऊन सोडू शकते. आणि पत्ता एचटीटीपीएसनेच सुरू झाला पाहिजे असं बंधन नाही. तो दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या एखाद्या फाइलीचाही असू शकतो.

आता ती लपवलेल्या शेपटाची गोष्ट. कोणी फाइलीचं नाव 'इन्व्हॉइस.पीडीएफ.यूआरएल' असं ठेवलं आणि 'आयकनफाइल'च्या ओळीत पीडीएफचं चित्र लावलं, तर तुमच्या पडद्यावर 'इन्व्हॉइस.पीडीएफ' दिसतं, तेही पीडीएफच्या चित्रासह. शेपटं दाखवायची सोय चालू ठेवणारा सावध माणूससुद्धा फसतो. जुलै 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने बुजवलेलं सीव्हीई-2024-38112 हे सुरक्षेतलं छिद्र (सीव्हीई म्हणजे अशा छिद्राचा नोंदणी क्रमांक) अशाच फाइलींसाठी वापरलं जात होतं. चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना आढळलं की या फाइली पत्त्यापुढे एक खास उपसर्ग लावून, बंद केलेलं इंटरनेट एक्सप्लोरर (मायक्रोसॉफ्टचा जुना ब्राउझर) पाठीमागून जागं करत होत्या. इंटरनेट एक्सप्लोरर जून 2022 मध्ये निवृत्त झालं, पण त्याचं यंत्र विंडोजमध्ये शिल्लक आहे, आणि जुन्या यंत्राला आजच्या ब्राउझरइतकी कवचं नाहीत.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सीव्हीई-2024-21412 बुजवलं गेलं. तिथली चाल मजेशीर होती : एक शॉर्टकट दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेल्या दुसऱ्या शॉर्टकटकडे बोट दाखवायची, आणि या फेऱ्यात स्मार्टस्क्रीनचा, म्हणजे विंडोजच्या सुरक्षा तपासणीचा, इशारा गळून पडायचा. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वॉटर हायड्रा नावाच्या टोळीने ती परकीय चलनाच्या व्यापाऱ्यांवर वापरली.

नोव्हेंबर 2024 मधलं सीव्हीई-2024-43451 तर आणखी वाईट. फाइल उघडायचीही गरज नव्हती. तिच्यावर राइट क्लिक केलं, ती पुसली किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढली, एवढ्याने तुमच्या विंडोज लॉगिनच्या पासवर्डचा सांकेतिक ठसा हल्लेखोराच्या सर्व्हरकडे जाऊ शकत होता.

ही तिन्ही छिद्रं मायक्रोसॉफ्टने बुजवली आहेत, पण ज्यांनी अपडेट घेतलं त्यांच्यापुरतीच. 'अपडेटने संगणक स्लो होतो' म्हणून ते बंद करून ठेवलेले संगणक गावोगाव आहेत आणि त्यांवर लोकांचे आधार क्रमांक टाइप होत असतात. विंडोज 10 चा नेहमीचा आधार (म्हणजे अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही ध्यानात असू द्या.

रोजच्या वापरासाठी नियम साधा आहे. शॉर्टकट स्वतः केलेली असेल किंवा माहीतगाराने समोर करून दिलेली असेल तर वापरा. ईमेलमधून किंवा झिपमधून आलेली, 'बिल', 'नोटीस', 'ऑर्डर' असं नाव असलेली आणि कोपऱ्यात बाण असलेली फाइल असेल तर तिला हात लावू नका. बिल पाठवणाऱ्याला बिलाची शॉर्टकट पाठवायचं काहीच कारण नसतं. क्लिक होऊन पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही नोंदवता येते.

पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांच्या शॉर्टकट झाल्या! हे तेच का?

नाव एक असलं तरी प्रकरण निराळं. या .एलएनके फाइली आहेत आणि हा खराखुरा व्हायरस आहे. झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये पेन ड्राइव्ह लावून आणलेल्यांना तो चांगला परिचयाचा आहे. तो तुमची मूळ फोल्डरं लपवतो आणि त्यांच्याच नावाच्या, फोल्डरचंच चित्र असलेल्या शॉर्टकट मांडून ठेवतो. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग तुमचं फोल्डरही उघडतं, त्यामुळे शंका येत नाही. आणि तो संगणक पुढच्या पेन ड्राइव्हची वाट पाहत बसतो.

सर्वात आधी : फॉरमॅट मारू नका. फाइली आत आहेत. त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. मग एक्सप्लोररमध्ये पेन ड्राइव्हचं अक्षर पाहा, समजा 'जी' आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून लिहा :

ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी जी:\*.*

'एच' म्हणजे लपवलेली, 'आर' म्हणजे फक्त वाचण्याची, 'एस' म्हणजे सिस्टिमची. ही तिन्ही लेबलं या आज्ञेने निघतात आणि मूळ फोल्डरं वर येतात. कधी सगळा माल एका निनावी फोल्डरमध्ये कोंबलेला सापडतो, तोही आता दिसेल. आपल्या फाइली संगणकावर कॉपी करा, 1 केबीच्या शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट पुसा. ज्या संगणकावरून लागण झाली तो साफ केल्याशिवाय तिथे पुन्हा पेन ड्राइव्ह लावला तर सगळं परत पहिल्यापासून.

बुकमार्क असताना या फाइली कशाला?

ज्याचा संगणक तो एकटाच वापरतो त्याला बुकमार्क पुरेत. पण एकाच संगणकावर तीन-चार जण बसतात, कोणाला ब्राउझरची पट्टी सापडत नाही, किंवा एखाद्या कामाच्या फोल्डरमध्ये वर्ड, एक्सेल, पीडीएफ यांच्या जोडीला संबंधित संकेतस्थळही हवं असतं, तिथे फाइलच बरी. 'सभा 2025' या फोल्डरमध्ये इतिवृत्त आहे आणि शेजारीच उपनिबंधक कार्यालयाच्या पानाची शॉर्टकट आहे, हे ब्राउझरमधल्या बुकमार्कला जमत नाही.

इंटरनेट एक्सप्लोरर आवडती पानं अशाच .यूआरएल फाइलींत ठेवायचं. जुना संगणक मोडीत काढण्याआधी तुमच्या नावाच्या फोल्डरमधलं 'फेव्हरिट्स' उघडून बघा, वर्षांपूर्वीचे पत्ते तिथे जसेच्या तसे असतील. क्रोम आणि एज सगळे बुकमार्क एकाच फाइलीत भरतात, फायरफॉक्स डेटाबेसमध्ये.

मॅकवर चालतात का?

.यूआरएल फाइल मॅकवर उघडते. उलट मात्र होत नाही : मॅकवर पत्ता ओढून जी फाइल बनते ती .वेबलॉक, आणि विंडोजला ती ओळखता येत नाही. नोटपॅडमध्ये ओढली तर बहुधा मधोमध पत्ता वाचता येतो, तो कॉपी करून घ्यावा. लिनक्सवर .डेस्कटॉप फाइल असते; आत 'टाइप=लिंक' आणि खाली यूआरएलची ओळ. मिश्र संगणक असलेल्या घरात .यूआरएल सोयीची.

शे-दीडशे शॉर्टकट साठल्यात. सगळ्या पत्त्यांची एक यादी करता येईल?

सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये आणा. त्या फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत 'सीएमडी' लिहून एंटर दाबा, म्हणजे तिथेच कमांड प्रॉम्प्ट उघडेल. मग लिहा :

टाइप *.यूआरएल > यादी.टीएक्सटी

सगळ्या फाइलींतला मजकूर 'यादी' या एका फाइलीत येतो. तो एक्सेलच्या एका रकान्यात पेस्ट करा आणि अनुक्रमे लावा. 'यूआरएल=' ने सुरू होणाऱ्या ओळी एका गठ्ठ्यात येतील, बाकीच्या पुसा. एकच पत्ता तीन-तीन नावांनी ठेवलेला असेल तर तोही इथे लागोपाठ दिसेल.